पाळक व्हायचंय, पण साक्ष काय सांगू?

प्रिय मावशी, सलाम.

मी चोवीस वर्षांची आहे, नाशिकरोडला राहते. बी.कॉम. झालंय. सध्या अंबडला एका कारखान्यात अकाउंट्सला कंत्राटावर काम करते. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. आजी बायबल बाई होती, निफाड-सिन्नरकडच्या खेड्यांत फिरायची. मी शब्बाथ शाळेत शिकवते, तरुण संघाचा हिशेबही माझ्याकडेच असतो. बरेच दिवस वाटतंय की आपण पाळक व्हावं. पप्पा नोट प्रेसमधून रिटायर झालेत. ते म्हणतात, "चार वर्षं शिकणार आणि पगार किती? त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे." मम्मी म्हणते, "एखाद्या पाळकाशी लग्न कर, सेवाही होईल आणि संसारही." आमच्या पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "थांब, प्रार्थना कर." त्याला दीड वर्ष झालं. देवळालीकडच्या एका फेलोशिपचे, म्हणजे स्वतंत्र प्रार्थना-मंडळीचे, पास्टर म्हणतात, आमच्याकडे एक वर्षाचं ट्रेनिंग आहे, राहणं-जेवण फुकट, वर्ष संपलं की लगेच सेवा सुरू. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, गेलेल्यांचा विश्वास जातो असंही ते सांगतात.

पण माझं खरं अडलंय ते दुसरीकडेच. पाळकपदाच्या मुलाखतीत साक्ष विचारतात म्हणे, म्हणजे देव आपल्या आयुष्यात कसा आला ते. मला कधी दर्शन झालं नाही, मोठ्या आजारातून उठले नाही, वाईट मार्गालाही कधी लागले नाही. सांगण्यासारखं काहीच नाही. मग हे पाचारण, देवाची हाक, आहे की नुसते मनाचे खेळ? नाव छापू नका.

एक वाचक, नाशिकरोड

सलाम, बेटा.

तुझ्या मम्मीचा सल्ला आधी निकालात काढते, कारण त्या विषयात माझा शब्द कुणी खोडू शकणार नाही. मी पाळकाची बायको. आमच्या यांची बदली होईल तिथे मिशन कंपाउंडात बिऱ्हाड लावत माझा जन्म गेला. पाळकीणबाई व्हायला मुलाखत नसते, पगार नसतो आणि निवृत्तीही नसते. महिला संघ, नाताळचं नाटक, चर्चच्या किल्ल्या, रात्री-अपरात्री दार वाजवणाऱ्याला चहा, हे सगळं मी आवडीने केलं. पण वेदीपाशी उभं राहून प्रभुभोजन देणं, बाप्तिस्मा देणं, मंडळीचा जाब आपल्या अंगावर घेणं हे माझं काम नव्हतं, आणि लग्न लावून ते कुणाचंही होत नाही. तुला जे करायचंय ते तुझ्या नावावर करायचंय. तुमच्या चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. तिकडे चर्च ऑफ साउथ इंडियात तर २०१३ साली पुष्पललिताबाई नंद्यालच्या बिशप झाल्या. लग्न करायचं तर खुशाल कर, पाळकाशी कर नाहीतर रिक्षावाल्याशी कर, पण सेवेत शिरायचा मागचा दरवाजा म्हणून करू नकोस. मम्मीवर मात्र चिडू नकोस. तिच्या आधीच्या पिढीत वचनाची ओढ असलेल्या मुलीला दोनच वाटा दिसायच्या. एक पाळकाच्या घरात सून म्हणून जाण्याची, दुसरी तुझ्या आजीची.

आणि आजीबद्दल तू अर्धी ओळ लिहून पुढे गेलीस! अगं, तुझ्या पत्रात सगळ्यात वजनदार तेवढीच ओळ आहे. बायबल बाई म्हणजे काय असायचं, हे तुझ्या वयाच्या मुलींना आता सांगावं लागतं. गावोगाव पायी जायचं, बायकांना अक्षरओळख करून द्यायची, आजाऱ्याजवळ बसायचं, वचन वाचून दाखवायचं, प्रार्थना करायची आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचं. कोनशिलेवर पाळकांची नावं असतात, बिशपांची असतात. बायबल बाईचं नाव मी तरी कुठल्या कोनशिलेवर वाचलेलं नाही.

आता तुझी साक्ष. प्रेषित पौलाला दिमिष्काच्या वाटेवर ख्रिस्ताची हाक आली ते आपल्याला ठाऊक आहे. प्रकाश, आवाज, तीन दिवस आंधळेपण. साक्षीचा तो नमुना समोर ठेवून आपल्याकडची कितीतरी पोरं स्वतःला कमी समजतात. पण तोच पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, दुसरं पत्र लिहितो तेव्हा सुरुवातीलाच त्याला काय आठवतं? तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके. तो विश्वास आधी त्या दोघींच्या ठायी होता, म्हणतो. ज्याला स्वतःला आकाशातून हाक आली, त्याला आजीच्या मांडीवर मिळालेला विश्वास कमी प्रतीचा वाटला नाही. मग तुला का वाटावा?

आपल्या नाशिकचंच दुसरं उदाहरण घे. लक्ष्मीबाई टिळक इथल्या जलालपूरच्या. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षं त्या रडल्या, भांडल्या, आपलं सोवळंओवळं सांभाळून राहिल्या, आणि हळूहळू एकेक गाठ सुटत गेली. एका दिवसाची, एका घटकेची गोष्ट तिथे नाही. असं असूनही मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांच्याइतकी खरी साक्ष दुसरी कोणती आठवत असेल, मला शंका आहे.

मुलाखतीला बसणाऱ्या मंडळींनी दारू सुटल्याच्या आणि गाठ विरघळल्याच्या साक्षी ढिगाने ऐकलेल्या असतात. त्यांत खऱ्याही असतात, पाठ केलेल्याही असतात, आणि पाठ केलेली ओळखू येते. तू काही रंगवून सांगायला जाऊ नकोस. तुझ्या वर्गातला एखादा पोरगा अचानक यायचा बंद झाला तेव्हा तू त्याच्या घरी गेलीस का, तिथे काय दिसलं, तू काय केलंस, ते सांग. तरुण संघाच्या हिशेबात कधी पैसे कमी भरले असतील, तर तो प्रसंग सांग. उपासनेत मन लागत नाही असे महिनेही येऊन गेले असतील, तेही सांग. ऐकणाऱ्याला त्यातून पाळक दिसतो की नाही, ते ऐकणारा ठरवेल.

"मनाचे खेळ" म्हणालीस. हे तू एकटीने खोलीत बसून कधीच ठरवू शकणार नाहीस, आणि तशी अपेक्षाही नाही. बायबलातल्या लहानग्या शमुवेलाला देवाची हाक आली तेव्हा तो तीनदा उठून याजक एलीकडे पळाला, तुम्ही मला हाक मारलीत म्हणून. ती हाक कुणाची, हे त्या पोराला कळलं नाही, म्हाताऱ्या एलीला कळलं. आणि एली काही आदर्श नव्हता हं, त्याची दृष्टी मंद झाली होती, पोरं हाताबाहेर गेली होती. तरी त्याच्यावाचून शमुवेलाचं पान हललं नाही. ऐकणारा एक आणि ओळखणारा दुसरा, अशी ती रीत आहे. म्हणून तुमच्या चर्चमध्ये आधी मंडळीची पास्टोरेट कमिटी शिफारस करते, मग धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या विभागाची, माणसं उमेदवाराची पारख करतात, बिशप निर्णय घेतात, आणि शिक्षण झाल्यावरही लगेच पूर्ण दीक्षा मिळत नाही, आधी डीकन, म्हणजे पहिली पायरी, आणि मग प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण पाळक. तुला हे अडथळे वाटतील. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यातूनच मिळेल, कारण प्रत्येक पायरीवर कुणीतरी तुला बघत असेल.

देवळालीच्या पास्टरांवर माझा राग नाही. वर्षभराची बायबल स्कूलं मी जवळून पाहिली आहेत. शेतकरी, मजूर, गृहिणी, ज्यांना चार वर्षं घर सोडता येत नाही, त्यांना तिथे वचन वाचायची गोडी लागते, प्रार्थनेची शिस्त लागते. पण तिथला दाखला घेऊन तू तुमच्या बिशपसाहेबांसमोर उभी राहिलीस तर दीक्षेसाठी तो पुरणार नाही, हे आत्ताच समजून घे. वर्षानंतर "लगेच सेवा" म्हणजे त्या फेलोशिपची सेवा, त्या पास्टरांच्या हाताखाली. ते तुला हवं असेल तर तसं उघड ठरवून जा. तुमच्या मंडळीची पाळक होण्याचा तो जवळचा रस्ता आहे असं समजून जाऊ नकोस.

एक कायद्याची बाजू आहे, ती कुणी मुलांना सांगत नाही. आपल्याकडची लग्नं १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतात. बिशपांच्या हस्ते दीक्षा मिळालेल्या पाळकाला त्या दीक्षेच्या बळावर लग्न लावता येतं. इतर सेवकांना त्यासाठी सरकारी परवाना लागतो. कायद्यात वेळसुद्धा सांगितलेली आहे, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, खास परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. नोंदवही, साक्षीदारांच्या सह्या, दाखला, यात चूक झाली तर पासपोर्ट काढताना त्या जोडप्याची फरपट होते. तेव्हा त्या पास्टरांना एवढं नक्की विचार की वर्षानंतर माझ्या सहीला कायद्यात किंमत काय असेल.

चार वर्षांचा रस्ता म्हणजे बी.डी., बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. तुमच्यासारख्या मंडळ्यांत चालते ती बहुधा सेरामपूरची पदवी. शिकायचं पुण्याला किंवा जबलपूरला आणि पदवी बंगालमधल्या सेरामपूरची, हे नव्या मुलांना गमतीचं वाटतं. विल्यम कॅरी हा मिशनरी आणि त्याचे सोबती यांनी १८१८ साली तिथे कॉलेज काढलं. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार दिला. तीच सनद अजून कामाला येते. (आणि हाच तो कॅरी, ज्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. आपला ऋणानुबंध तेवढा जुना आहे.) नाशिकच्या मुलांना जवळ म्हणजे पुणे. तिथे युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, आणि बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी आधी यवतमाळला होती आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. कुठे जायचं हे मात्र तू वेबसाइट बघून ठरवू नकोस. धर्मप्रांत पाठवतो तिथे जावं.

लवकर आणि उशिरा यावरून तुला नाशिकचीच एक गोष्ट सांगते. शरणपूर रोडवरून तू शंभर वेळा गेली असशील, कॅनडा कॉर्नरला खरेदी केली असशील. ते शरणपूर १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत, त्यांतली बरीच इथे आणली गेली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं आणि पवित्र शास्त्र, असं त्यांचं शिक्षण. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या पोटात मिशनरी आणि शोधक लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं आणि देह समुद्रापर्यंत वाहून आणला. त्या पुरण्याच्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, शरणपूरला शिकलेल्या पोराने. पुढे तो त्या देहाबरोबर इंग्लंडला गेला.

देवळालीचे पास्टर ही गोष्ट ऐकून म्हणतील, बघा, त्याच्याकडे कुठली पदवी होती! खरं आहे, पदवी नव्हती आणि दीक्षाही नव्हती. पण त्याच शरणपूरचा विल्यम जोन्सही आठवावा. तो १८६४ साली पूर्व आफ्रिकेत राबईला सेवेसाठी गेला. तिथे शिकवलं, मंडळी सांभाळली. त्याला डीकनची दीक्षा मिळाली १८८५ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी! इतका उशीर लावण्यात गोऱ्या साहेबांचा संशयखोरपणा किती होता, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलायला लागले तर माझी जागा संपेल. मला एवढंच म्हणायचंय की दीक्षा मिळाली त्याच वर्षी तिथले बिशप हॅनिंग्टन प्रवासाच्या वाटेत मारले गेले, तेव्हा मागे राहिलेल्या काफिल्याला परत राबईला सुखरूप आणलं ते या जोन्सने. आधीची एकवीस वर्षं फुकट गेली होती असं कोण म्हणेल? तुझ्या चार वर्षांचा हिशेब पप्पा करतील. तू असाही करून बघ.

आता "सेमिनरीत विश्वास जातो." यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण यात तथ्य आहे आणि अर्धवट तथ्य फार भीती घालतं.

पहिल्याच सत्रात तुझ्यासमोर उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवतील. पहिल्यात पशू आधी, माणूस नंतर. दुसऱ्यात माणूस आधी घडवला जातो आणि मग पशू-पक्षी त्याच्यासमोर आणले जातात. शब्बाथ शाळेत तू दोन्ही शिकवलंस, पण कधी शेजारी ठेवलं नसशील. मग मार्काचं शुभवर्तमान उघडतील. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत सोळावा अध्याय आठव्या वचनाशी थांबतो. बायका कबरेपासून थरथरत पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, संपलं. पुढची बारा वचनं तिथे नाहीत. तुझ्या घरच्या बायबलात तिथे खूण किंवा तळटीप आहे का ते काढून बघ. ही काही नास्तिकांनी काढलेली भानगड नाही. शास्त्र जपणाऱ्यांनीच शतकानुशतकं हस्तलिखितं ताडून पाहिली, त्यातून हे कळलेलं आहे.

यावर मुलांचे प्रकार होतात. काही कान बंद करतात, परीक्षेपुरतं लिहितात आणि बाहेर पडल्यावर एक अक्षर वापरत नाहीत. त्यांचा विश्वास टिकलेला दिसतो, पण त्याला हात लावून बघायची त्यांनाच भीती असते. दुसरा प्रकार जास्त उपद्रवी. नाताळच्या सुट्टीत घरी येतात आणि आजीच्या बायबलमधल्या चुका आजीलाच दाखवतात. असे वीर आमच्या जेवणाच्या टेबलाशी बरेच येऊन गेलेत. त्यांना मी म्हणायचे, आधी शिरा खा, मोशेने पाच पुस्तकं लिहिली की नाही ते नंतर बघू. आणि काही थोडी मुलं अशी की ज्यांना वर्षभर झोप लागत नाही, प्रार्थना करवत नाही, आणि तरी ती उपासनेला बसतात, कुणाजवळ तरी मोकळं बोलतात, आणि दुसऱ्या टोकाला निघतात तेव्हा त्यांच्या उपदेशाला धार आलेली असते. मार्काच्या त्या घाबरलेल्या बायकांवर मी अशाच एका तरुण पाळकाचा संदेश ऐकला. ज्या मंडळीत नुकताच एक तरुण मुलगा वारला होता तिथे तो बोलत होता. पुनरुत्थानाची बातमी ऐकूनही माणसं आधी घाबरतात, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि शास्त्र त्या अवस्थेलाही जागा देतं, असं तो म्हणाला. हे त्याला अभ्यासानेच दिलं होतं. पहिल्या प्रकारच्या पाळकाने त्या दिवशी "रडू नका, तो चांगल्या ठिकाणी आहे" म्हणून वेळ मारून नेली असती.

तेव्हा विश्वास जातो का? लहानपणी घातलेल्या कपड्यात तो मावेनासा होतो, हे नक्की. त्या काळात सांभाळायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. सेमिनरीबाहेरचं एक माणूस धर, ज्याच्यासमोर तुला शहाणं दिसायची गरज नाही. रविवारी फील्डवर्कला ज्या मंडळीत पाठवतील तिथे निरीक्षक बनून बसू नकोस, गाणी गा. आणि या आठवड्यात वर्गात शिकलेलं पुढच्या रविवारी व्यासपीठावरून सांगू नकोस. ते निदान दोन पावसाळे मुरू दे.

भाषेचं आणखी एक. सेमिनरीतली बहुतेक पुस्तकं इंग्रजी. हिब्रू आणि ग्रीकची तोंडओळख होते, तीही इंग्रजीतून. चार वर्षांनी मुलं परततात तेव्हा त्यांचं मराठी बिघडलेलं असतं. "आपण या पॅसेजच्या कॉन्टेक्स्टमध्ये बघूया" असं ते बोलतात आणि मागच्या बाकावरच्या आजीबाई पदराने तोंड झाकून जांभई देतात. तुझी नेमणूक उद्या सटाण्याकडे झाली तर तिथे अहिराणी कानावर पडेल, सुरगाण्याकडे कोकणा. नगरकडची मंडळी जुन्या अमेरिकन मिशनची, तिथे पेटी-तबल्यावर भजनं रंगतात. आपल्या नाशिकच्या जुन्या अँग्लिकन वळणात प्रार्थनापुस्तक पाठ असलेली म्हातारी माणसं भेटतात, आणि एक ओळ गाळलीस तर उपासनेनंतर दारात गाठून सांगतात. १९७० मध्ये ही सगळी वळणं एका चर्चमध्ये आली, पण सवयी काही ठरावाने एक होत नाहीत. म्हणून जायच्या आधीच रोज एक अध्याय मोठ्याने मराठीत वाच. नुसता डोळ्यांनी नको. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली टिळकांची गाणी चालीवर म्हणत जा. मराठीत बोलायला तुला ती कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवतील.

पप्पांचा प्रश्न मात्र मी झटकणार नाही. त्यांनी विचारलंय ते रास्त आहे. आयुष्यभर नोटांच्या थप्प्या बघून मोजका पगार घरी आणलेल्या माणसाला पैशाबद्दल कुणी प्रवचन देऊ नये. पाळकाचा पगार थोडा असतो. राहायला घर बहुधा मिळतं, ते गळकं असू शकतं. बदली होते. आकडा मी सांगणार नाही, धर्मप्रांताच्या कोषाध्यक्षांकडून आजचा आकडा घे, भविष्यनिर्वाह निधीचं विचार, आजारपणाचं विचार, आणि एका कागदावर लिहून पप्पांसमोर ठेव. आणखी एक महत्त्वाचं विचार. धर्मप्रांताने पुरस्कृत केलेला उमेदवार आणि स्वतःच्या खर्चाने गेलेला उमेदवार यांत फरक असतो. पुरस्कृत असशील तर फीचा भार हलका होतो आणि परतल्यावर तुझी वाट बघणारं कुणी असतं. स्वतःच्या खर्चाने गेलीस तर पदवी मिळेल, नेमणुकीची हमी कुणी देणार नाही. म्हणून शिफारशीशिवाय प्रवेश घेण्याची घाई करू नकोस. तोवर अंबडची नोकरी सोडू नकोस, पहिल्या वर्षाचे पैसे बाजूला टाक. पप्पांचं मन वळलं नाही तरी त्यांना निदान एवढं दिसेल की पोरगी हवेत नाही.

आणि बी.कॉम.ची लाज वाटून घेऊ नकोस! मंडळीची जमाखर्चाची वही वाचता येणारा पाळक मी फार कमी वेळा पाहिला. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात, लेखापरीक्षण होतं, आणि पाळक बिचारा ते सगळं खजिनदाराच्या भरवशावर सही करून मोकळा होतो. त्यातून काय काय उद्भवतं ते मी इथे लिहीत नाही. तुझ्यासमोर कुणी अशी वही घाईत सरकवणार नाही.

राहिले तुमचे पाळकसाहेब. "थांब, प्रार्थना कर" हे उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. दीड वर्ष नुसतं थांबायला सांगून उमेदवाराची पारख होत नसते. पण तूही त्यांना काय विचारलंस, "मी पाळक होऊ का?" एवढंच ना? इतक्या मोठ्या प्रश्नाला कुणीही "थांब" म्हणेल. या रविवारी उपासनेनंतर घाईत गाठू नकोस, आठवड्यात वेळ मागून घरी जा आणि लहान लहान गोष्टी माग. आजारी माणसांना भेटायला जाल तेव्हा मला बरोबर न्या. सिव्हिलला कुणी दाखल असेल तर मी येते. दफनविधी असेल तेव्हा आदल्या संध्याकाळी त्या घरी मला सोबत घ्या. महिन्यातून एकदा कॉटेज मीटिंगमध्ये, घरच्या प्रार्थनासभेत, दहा मिनिटं बोलू द्या आणि नंतर चुका सांगा. हे सगळं केल्यावर, पुढच्या ईस्टरनंतर, माझं नाव पास्टोरेट कमिटीपुढे ठेवायचं की नाही ते सांगा, आणि नाही म्हणालात तर काय कमी आहे तेही सांगा.

मयताच्या घरी जाण्याला मी मुद्दाम जास्त महत्त्व देते. व्यासपीठावर बोलायची आवड पुष्कळांना असते. जिथे बोलण्यासारखं काही नसतं त्या घरात दोन तास बसता येतं का, फोन न बघता, वचनं न फेकता, हे तुला स्वतःलाच कळेल. त्या रात्री घरी आल्यावर थकवा आला तरी पुन्हा जावंसं वाटलं, तर मला कळव. नको वाटलं तरी कळव, त्यात कमीपणा नाही. शब्बाथ शाळेला आणि तरुण संघाला चांगली माणसं लागतातच.

ईस्टरनंतरही उत्तर "थांब"च आलं, तर धर्मप्रांताच्या कार्यालयाला पत्र लिही. त्याची एक प्रत पाळकसाहेबांच्या हातात दे, त्यांच्या पाठीमागे काही करू नकोस. उद्या याच माणसांबरोबर तुला एका टेबलाशी बसायचंय.

एक काम मात्र ईस्टरची वाट न बघता करून टाक. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला काढ. बाप्तिस्मा दुसऱ्या मंडळीत झाला असेल तर तिथे स्वतः जा, फोनवर हे काम होत नाही. रजिस्टरातलं नाव, आडनाव आणि जन्मतारीख दहावीच्या सनदेशी जुळतात का ते तिथेच उभं राहून बघ. आपल्याकडे बाप्तिस्म्याचं नाव एक आणि शाळेतलं दुसरं असं सर्रास असतं. जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागेल. ते कोर्टाजवळ नोटरीकडे होतं, पण शनिवारी जाऊ नकोस, बहुतेक जण दुपारी उठून जातात.

तुझी मावशी